कंपनीचं दुःखाचं पत्र

॥ श्री ॥

साकेत नगर, भोपाळ
९ जुलै २०२४

ती. लीलाताईस,
मंजूचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारणं सांगत बसत नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की खालचा घरमालक वर येऊन विचारतो, कोणाशी झगडा चाललाय. म्हणून कागदच बरा. तुझे गुडघे कसे आहेत? उज्जैनला राहायला गेल्यापासून एकाही पत्रात तू गुडघ्यांचं खरं लिहिलेलं नाहीस. अमेयला म्हणावं, आईला डॉक्टरकडे ने, नुसता मलम आणून टाकू नकोस. मुलगा आहे ना तुझा, मग बोल त्याला.

माझं पेशंटजवळ बसायचं काम चालू आहे. सध्या एक म्हातारी मास्तरीण आहे, खुब्याचं हाड मोडलंय आणि जीभ शाबूत आहे.

आता एक सांगते, हसू नकोस. मी इंग्रजी शिकते आहे. आमच्या गल्लीत शिल्पा म्हणून एक पोरगी आहे, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. ती आम्हा बायकांना गच्चीवर चार ते पाच शिकवते. इंग्रजी समजणाऱ्या बाईला प्रायव्हेट वॉर्डात घेतात, जनरलमध्ये सडावं लागत नाही, म्हणून गेले. रोज दहा शब्द आणि दोन वाक्यं. टॉवेल, बेडशीट, ग्लास हे तर आपण आधीपासूनच बोलतो. एबीसीडी औषधांच्या बाटल्यांवरून अर्धी येत होती, उरलेली दोन हप्त्यांत आली. पोरगी चांगली आहे पण फार हळू शिकवते. मी म्हटलं, बाई, माझं वय सत्तेचाळीस, जरा पटपट हाक.

गेल्या हप्त्यात तिनं शिकवलं, कोणाच्या घरी माणूस गेलं तर इंग्रजीत काय म्हणतात. सॉरी म्हणतात. सॅड म्हणतात. मला लगेच आपलं पत्र आठवलं. हे गेले त्या साली मंडीदीपच्या त्यांच्या कंपनीकडून आलेलं, भावजींनी वाचून दाखवलेलं आणि मग स्वतःच लॅमिनेशन करून आणलेलं. बारा वर्षं ते यांच्या फोटोमागे आहे. पक्षात यांच्या तिथीला मी त्याला गंध लावते, तुळशीचं पान ठेवते, जेवणं झाली की भावजी ते हातात घेतात आणि मराठीत सांगतात की कंपनीला प्रकाशच्या जाण्याचं किती दुःख झालं. तुला सगळं माहीतच आहे. तरी लिहिते, कारण मला ते एकदा माझ्याच अक्षरात बघायचंय.

काढलं मी ते पत्र. म्हटलं, सॉरी कुठं आहे ते शोधू. बोट ठेवून एकेक शब्द बघितला. नाही. सॅडही नाही. एक शब्द मात्र ओळखीचा निघाला. प्लीज्ड. हा मला पहिल्याच हप्त्यात शिकवलाय, प्लीज्ड टु मीट यू, तुम्हाला भेटून आनंद झाला.

ताई, माझा नवरा मेला याचा कंपनीला कसला आनंद झाला?

भावजींना विचार. हे पत्र त्यांनी फोडून वाचलं तरी चालेल, मराठीतच आहे.

तुझा लोभ आहेच, यावेळी उत्तरही असावं.

तुझी,
मंजू

—

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

उज्जैन
१८ जुलै २०२४

चि. मंजूषास,
दिगंबरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र लीलावतीने मला वाचावयास दिले. या वयात तुला शिक्षणाची आवड निर्माण झाली, ही कौतुकाची बाब आहे. परंतु अर्धवट ज्ञानाने गैरसमज होतात, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

मी टी. टी. नगरच्या कचेरीत चौतीस वर्षे आस्थापना शाखेत काम केले. हजारो इंग्रजी पत्रे माझ्या हातून गेली. कार्यालयीन भाषेत ‘प्लीज्ड’ हा शब्द निव्वळ शिष्टाचाराचा असतो. साहेबाला आनंद झाला असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. तुझ्या त्या गच्चीवरील शिक्षिकेला हे ठाऊक नसणार. तिने कधी कचेरी पाहिलेली नाही. टॉवेल-बेडशीटच्या इंग्रजीने असे पत्र लागत नाही.

तुझ्या मनात किंतु राहू नये म्हणून एक सुचवतो. ते पत्र रजिस्टर पोस्टाने मजकडे पाठव. मी त्याचे संपूर्ण भाषांतर सुवाच्य अक्षरात लिहून देईन, म्हणजे दरवर्षी तुला माझ्यावर अवलंबून राहावे लागणार नाही. मूळ कागद माझ्याजवळ सुरक्षित राहील.

लीलावतीचे गुडघे ठीक आहेत. काळजी नसावी. या वर्षी तिथीला मी एकटाच येईन. तिला बस झेपणार नाही.

आहे तो लोभ वाढवावा.

तुझा,
दिगंबर

—

॥ श्री ॥

भोपाळ
७ ऑगस्ट २०२४

ती. लीलाताईस,
नमस्कार वि. वि.

भावजींचं पत्र मिळालं. आधी माझं कौतुक केलंय आणि मग मूळ कागद मागितलाय. तुझे गुडघे ठीक आहेत असंही लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत तुला बस झेपणार नाही असंही. भावजींची आस्थापना शाखा कशी चालली असेल देव जाणे.

पत्र मी पाठवलेलं नाही. पाठवणार नाही.

शिल्पा म्हणाली, मावशी द्या, एका मिनिटात वाचून सांगते. मी पत्रावर पालथा हात ठेवला. म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून बारा वर्षं ऐकलं, आता नको. आणि भावजी लगेच म्हणणार, त्या पोरीनं चुकीचं सांगितलं. तिची डिक्शनरी मागून आणली. रोज ड्युटीवरून आल्यावर चहा टाकते आणि एक ओळ काढते. एक ओळ म्हणजे एक ओळ, डोकं फुटलं तरी. काही शब्द रस्त्यावरचे निघाले. ऑफर शब्द साडीच्या दुकानावर असतो. पॅकिंग मला कोण सांगणार, हे रोज तेच बोलायचे. हेल्पर तर बसच्या मागे लटकलेला असतो. एकोणीस दिवस लागले आणि पत्र संपलं.

आता ऐक, तुझ्या बहिणीच्या नावानं कंपनीनं काय लिहिलं होतं ते. तुमचे पती आमच्याकडे कामाला होते, त्यांच्या निधनानंतर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या म्हणून तुम्हाला पॅकिंग सेक्शनमध्ये हेल्परची पक्की नोकरी देताना आम्हाला आनंद होतो. एकतीस ऑगस्ट दोन हजार बारा या तारखेला किंवा त्याआधी हजर व्हा. नाही आलात तर नोकरी नको आहे असं समजू. खाली सही आणि शिक्का.

नोकरी, ताई. माझी. पक्की.

तुला आठवतं, त्या साली मी पहाटे दूध आणायला चौकात जायची? कंपनीची बस तिथंच थांबायची. पॅकिंगच्या बायका निळे कोट घालून चढायच्या, डबे हातात, हसत असायच्या. मी दुधाची बरणी घेऊन बघत उभी राहायची आणि मनात म्हणायची, नशीबवान आहेत रांडा. देवा, त्या बसमध्ये माझी जागा होती. घरी येऊन मी तुझ्या सासूचं, माझ्याही सासूचं म्हण, अंथरूण बदलायची. त्या गेल्या, तुम्ही सरकारी क्वार्टर सोडून मुलाकडे गेलात, आणि मी परक्यांची अंथरुणं बदलायला लागले. अजून बदलते.

आणि भावजी दर वर्षी काय काय वाचत होते! पहिल्या साली कंपनीला नुसतं दुःख झालं होतं. तिसऱ्या साली साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, गेल्या साली पाणी नव्हतं, तर म्हणाले, चांगल्या भाषेत प्रत्येक वेळी नवा अर्थ सापडतो. एका साली तर यांच्या हातचं मशीन यांच्या आठवणीनं बंद पडलं. मी पदर डोळ्याला लावून ऐकत होते आणि वर त्यांना एक वडा जास्त वाढत होते.

आता ठरलंय. षष्ठीला, यांच्या तिथीला, पत्र मी वाचणार. यांचे कंपनीतले दत्तूभाऊ दर वर्षी जेवायला येतात, पूजा सांगणारे हेमंत गुरुजी असतात. त्यांच्यासमोर वाचणार. भावजींना पानावरून उठू देणार नाही. मला त्यांची माफी नको आहे, मला त्यांचं तोंड बघायचंय.

आणि तुला एकच विचारते. तुला माहीत होतं का? एका ओळीत लिही. लोणच्याचं, पावसाचं काही लिहू नकोस.

लोभ आहे की नाही ते त्या ओळीवर.

मंजू

—

॥ श्री ॥

उज्जैन
२४ ऑगस्ट २०२४

चि. मंजूस,
लीलाताईचे अनेक आशीर्वाद.

एका ओळीत लिही म्हणालीस. पाच दिवस ओळ शोधत होते. सापडली नाही, म्हणून सगळंच लिहिते. हे देवळात गेलेत तेवढ्यात लिहिते आहे.

हो. मला माहीत होतं.

पत्र आलं त्या दुपारी यांनी आधी मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. खरं वाचलं. तू आईंना पेज भरवत होतीस, चमच्याचा आवाज येत होता. हे म्हणाले, मंजूला सांगू, तिचं ती ठरवेल. मीच नको म्हटलं. मंजू, तुला आठवत असेल, आईंना अर्धांग होऊन दोन महिने झाले होते आणि माझी पिशवी काढून चार. मला त्यांना कुशीवरसुद्धा वळवता येत नव्हतं. तू पहाटेच्या बसनं गेलीस तर मी काय करणार, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, दोन महिने जाऊ देत. त्याला तारीख असते हे मला कळलं नव्हतं असं लिहिणार होते, पण कळलं होतं. यांनी तारीख दोनदा वाचली होती.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. मला वाटलं, तुझ्या हातात पगार आला की तू वेगळी खोली करशील. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झालो तेव्हा सगळे म्हणाले होते, लीलाचं नशीब. मला ते नशीब घरातच राहायला हवं होतं.

पुढं जे झालं त्याला आम्ही दोघंही तयार नव्हतो. तू पहिल्या तिथीला कागद पुढे केलास आणि म्हणालीस, भावजी, वाचा ना, यांना ऐकू दे. आमच्या यांना घाम फुटला. मग भावाबद्दल पोटात होतं ते बोलले. ते खोटं नव्हतं गं, फक्त कागदावर नव्हतं.

तू रागाव, शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण चारचौघांत वाचू नकोस. यांची सगळी उमर अब्रूवर गेली आहे. अमेयला यातलं काही माहीत नाही. आपलं आपल्यात राहू दे. आणि मला माफ केलंस की नाही, एवढं कळव. जप करायला बसते तर माळ पुढं सरकत नाही.

धाकटीनं मोठीवरचा लोभ एकदम तोडू नये, एवढंच मागते.

तुझी,
लीलाताई

—

भोपाळ
२ सप्टेंबर २०२४

लीलाताईस,

पत्र मिळालं. तेवीस तारखेला षष्ठी आहे. भावजींना सकाळच्या बसनं पाठव. जेवण बारा वाजता. त्यांना आधी काही बोललीस तर मला कळेल, कारण मग ते यायचेच नाहीत.

बाकी नंतर.

मंजूषा

—

भोपाळ
२६ सप्टेंबर २०२४

लीलावतीस,

नमस्कार घालायचा म्हणून कागदावर हात ठेवला, पण लिहिता आला नाही. तसंच सुरू करते.

भावजी आले. इस्त्रीचा सदरा, हातात झेंडूची पुडी. तू त्यांना काही बोलली नव्हतीस, तेवढं माझं ऐकलंस, मान्य. पूजा झाली, पिंड झाले, कावळ्यानंही फार वाट बघायला लावली नाही. मी सगळं मन लावून केलं होतं, वडे, खीर, आमसुलाची चटणी. कोणी म्हणायला नको की मंजूनं भांडायचं म्हणून स्वयंपाकात कसर केली. भावजींनी तीन वडे खाल्ले. हात धुऊन बसले आणि सवयीनं पत्रासाठी हात पुढे केला.

मी म्हटलं, यंदा मी वाचते.

गुरुजी म्हणाले, वा, वहिनी इंग्रजी शिकल्या. भावजी म्हणाले, असू दे, तिला त्रास कशाला. मी फोटोजवळ बसले आणि सुरू केलं. एक ओळ इंग्रजीत, मग तीच मराठीत. नोकरी, पॅकिंग सेक्शन, हेल्पर, सगळं वाचलं. दत्तूभाऊ विडा लावत होते, ते थांबले. भावजी हसायला लागले आणि दत्तूभाऊंना म्हणाले, बघा, टॉवेल-बेडशीट शिकून ही कचेरीची पत्रं लावायला निघाली, त्यात असं काही नाहीच. मला ठाऊक होतं असंच म्हणणार. बारा वर्षं त्यांचा शब्द पक्का आणि माझा कच्चा. म्हणून मी पुढच्या ओळीला मुद्दाम चूक केली. पत्रावर बोट ठेवलं आणि वाचलं, दहा सप्टेंबरपर्यंत हजर व्हा.

भावजी म्हणाले, एकतीस ऑगस्ट.

चष्मा खिशात होता, पत्र माझ्या हातात. चौतीस वर्षं तारखा तपासलेला माणूस, चुकीची तारीख कानावर पडली आणि तोंडातून निघून गेलं. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मी पत्र फिरवून दत्तूभाऊंसमोर धरलं. आकडे त्यांना वाचता येतात.

दत्तूभाऊ काय म्हणाले ते तुलाही माहीत नसेल. त्या साली ऑगस्टात सुपरवायझरनं त्यांनाच आपल्या क्वार्टरवर पाठवलं होतं, वहिनी का येत नाही ते विचारायला. भावजींनी दारातूनच सांगितलं की आमच्या घरच्या बायका कारखान्यात जात नाहीत, मंजूषालाच नको आहे. पाणीसुद्धा विचारलं नाही. बारा वर्षं तो माणूस माझ्या हातचं जेवत होता आणि मनात म्हणत होता, बाईला मिजास फार, म्हणून आज लोकांची अंथरुणं बदलते. माझ्यासमोर त्यांनी हात जोडले. भावजींकडे बघितलं नाही. विडा तसाच ठेवून गेले.

भावजी म्हणाले, आय अ‍ॅम सॉरी. इंग्रजीत म्हणाले. मी म्हटलं, या घरात इंग्रजीत जे जे आलं ते मराठीत करून सांगायचं काम तुमचंच होतं, हेही करून सांगा. नाही जमलं त्यांना. गुरुजी दक्षिणा न घेताच उठायला लागले, त्यांना मी बसवलं, म्हटलं, तुमचा यात काही दोष नाही, घ्या.

मला वाटलं होतं, ते तोंड बघून पोट भरेल. तुला खरं सांगते, भरलं. झोप छान लागली. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही, त्यांनी घेतलेला नसतो.

निघताना पत्र मी भावजींनाच दिलं. रजिस्टरचा खर्च कशाला. फोटोतल्या यांना आता त्या कागदाचं काही ऐकायचं राहिलं नाही, सगळं ऐकवलंय. आता ते तुमच्या घरी राहू दे. अमेयनं विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही दोघं स्वयंपाकघरात ठरवा, तुम्हाला ठरवता येतं.

आता तुझं. भावजींचा हिशोब चारचौघांत झाला. तुझा होणार नाही, तू आपलं आपल्यात म्हणालीस ना. भावजींनी निदान मला विचारू असं म्हटलं होतं. तू माझ्याच आईच्या पोटातली, तू नको म्हणालीस. मी सासूला तीन वर्षं भरवलं आणि तू मला दर दसऱ्याला साडी नेसवलीस. ती साडी कसली होती हे मला आता कळलं. सगळ्या साड्या ट्रंकेत आहेत, एक नेसून फाटली तेवढी सोडून. परत पाठवत नाही, तू त्यातही पुण्य शोधशील.

माफ केलं की नाही, हे तू विचारलंस. उत्तर लिहिलं आहे. या पाकिटात दुसरा कागद आहे, तो इंग्रजीत आहे. सहा ओळी, माझ्या हातच्या. शिल्पाला दाखवल्या नाहीत, डिक्शनरी बघून एकेक शब्द बसवलाय, त्यामुळे चुकीचं कोणी शिकवलं असं म्हणायची सोय नाही. शेजारी कोणाला दाखवायचा तर दाखव, पण आधी सांगावं लागेल की बहीण मराठी असून तुला इंग्रजीत का लिहिते. अमेयचा फोन त्याच्यावर धरला की मराठी होतं म्हणतात. धर. मग त्याला सगळंच सांग.

नाही तर भावजींकडे दे. ते वाचून सांगतील. मन लावून ऐक, आणि ते खरं सांगतायत की तुझ्यासाठी चांगलं चांगलं सांगतायत ते त्यांच्या तोंडाकडे बघून ओळख. मला कधी ओळखता आलं नाही. तू त्यांच्याबरोबर बत्तीस वर्षं राहिली आहेस, तुला कदाचित येईल.

गुडघ्यांना जप. लोभाचं त्या दुसऱ्या कागदावर आहे.

मंजूषा